रेंजचा दगड

"आज बंद पडंल का ओ तुमचं?" सुगंधानं विचारलं.

रोज सकाळी तंबूचा पडदा बाजूला सारला की हा प्रश्न. बाकी काही बोलणं नाही. मी लॅपटॉप उघडत म्हटलं, "सांगता येत नाही."

"काल दोनदा पडलं."

"माहीत आहे मला."

"मग आज बी पडंल," ती समाधानानं म्हणाली आणि आपल्या दगडाकडे निघून गेली.

मला तिचा भयंकर राग यायचा. माणूस घरदार सोडून डोंगरावर येतो, तंबूत गोचिड्या झटकत काम करतो आणि ही पोरगी रोज येऊन अपयशाची चौकशी करते. पण राग यायला तिथं दुसरी माणसं भरपूर होती, त्यामुळे सुगंधाच्या वाट्याला त्यातला थोडाच आला.

पहिलं नाव अर्थात डॉक्टर गजेंद्रगडकरांचं. ते आमच्या संस्थेत विभागप्रमुख होते. स्वतःच्या हातानं त्यांनी कधी एक अँटेना बसवली नव्हती, पण 'शेवटच्या माणसापर्यंत' हे शब्द ते असे उच्चारायचे, की त्या शेवटच्या माणसाकडे रोज जेवायलाच जात असावेत. त्या वर्षी त्यांनी एक प्रकल्प मिळवला होता. जगभरातले हौशी प्रोग्रामर फावल्या वेळात सॉफ्टवेअर लिहितात आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. कुणीही घ्यावं, वाचावं, बदलावं. अशा खुल्या सॉफ्टवेअरवर एक छोटंसं मोबाईल नेटवर्क चालवता येतं, अगदी एका खांबावर आणि एका लॅपटॉपवर. आमच्यापुढे अशी दोन सॉफ्टवेअर होती, हार्बर आणि सॅपलिंग. खेड्यासाठी त्यातलं कुठलं बरं, ते प्रत्यक्ष खेड्यात चालवून ठरवायचं होतं. ठरवणार गजेंद्रगडकर, राबणार मी आणि तोरस्कर.

तोरस्कर माझा सहकारी. प्रोग्रामिंगमध्ये हुशार, बाकी सगळ्यात बोटचेपा. सर खोलीत आले की त्याचं मत खोलीबाहेर जायचं.

खेडं म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचा धावडमाळ, पाचपंचवीस धनगरांची घरं. तिथं कुठल्याच कंपनीची रेंज नव्हती. नव्हती म्हणजे एका जागी होती. माळाच्या टोकाला एक काळा सपाट दगड होता. त्यावर पूर्वेकडे तोंड करून बसलं की दरीपलीकडच्या कुठल्याशा टॉवरची एखादी दांडी फोनवर उमटायची. अख्खा गाव त्याला रेंजचा दगड म्हणायचा. फोन करायचा तर दगडामागे आपली चप्पल रांगेत लावून ठेवायची आणि गुरांकडे निघून जायचं. पुढची चप्पल हलली की मागची सरकवायची, तीही जो कुणी तिथं असेल त्यानं. या रांगेत कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. आमच्या संस्थेत वॉटर कूलरपाशीसुद्धा भांडणं होत.

आम्ही आमचा खांब त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर रोवला, कारण सगळ्यात उंच जागा तीच होती. खांबाच्या टोकाला एक हिरवा दिवा होता. नेटवर्क चालू असलं की तो पेटायचा, बंद पडलं की विझायचा. एक महागडा फिल्टरही बसवायचा होता, पण तो सरांनी 'पुढच्या टप्प्यात' ढकलला होता. पुढच्या टप्प्यात ढकललेल्या वस्तूंचं आमच्याकडे एक कपाटच होतं, ते कायम रिकामं असे.

मग सरांनी गावात निळे चकचकीत फोन वाटले आणि भाषण केलं, "आता तुम्ही जगाशी जोडले गेलात!"

जगाशी म्हणजे एकमेकांशी. बाहेर फोन जोडायची परवानगीच आम्हाला नव्हती, प्रयोग होता ना तो. त्या निळ्या फोनवरून धावडमाळातला माणूस धावडमाळातल्याच माणसाला फोन करू शकत होता. ज्या लोकांची हाक दरीच्या पलीकडच्या म्हशीला ऐकू जाते, त्यांना आम्ही शेजारच्या घरी फोन लावायला शिकवत होतो. मी एकदा सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मिस ओगले, तुम्ही फार नकारात्मक आहात."

सुगंधा ढेबे बारावी सायन्स पास झालेली. गावातली ती पहिलीच. जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं. जागा रिकामी झाली की कॉलेजवाले फोन करणार, लागला तर जागा तिची, नाही लागला तर पुढच्या नावाची. इतका साधा हिशेब. पहिल्या फेरीत फोन आलाच नाही. तिनं नंतर स्वतः कॉलेजला फोन लावला तेव्हा तिथले कारकून म्हणाले, आम्ही केला होता, लागला नाही, आता शेवटची फेरी उरली, मधेच एखादी जागा सुटली तर आधीही करू. ती फेरी ज्या दिवशी होती, नेमक्या त्याच दिवशी आमच्याकडे प्रकल्प बघायला पाहुणे येणार होते.

त्यामुळे सुगंधा तिचा जुना, रबरबँडनं बांधलेला फोन घेऊन दिवसभर दगडावर बसून असायची. तिची चप्पल रांगेत पहिलीच ठेवायची असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ज्याला अगदीच निकड असेल तो तिला विचारून दोन मिनिटं बसायचा आणि उठायचा. सकाळी मला तो प्रश्न विचारून ती तिथं जायची आणि आमच्या खांबाकडे बघत बसायची.

आधी आम्ही हार्बर चालवलं. उत्तम सॉफ्टवेअर. एकदा चालू केलं की कुरकुर नाही, काही नाही. ते चालू असेपर्यंत हिरवा दिवा एकदाही विझला नाही. गुणतक्त्यात त्याला भरभरून गुण पडले. फक्त एका रकान्यात ते मार खाऊन गेलं. रकान्याचं नाव होतं 'वापरकर्त्याचा आनंद'. हे नावही सरांचंच. गावातल्या माणसांना विचारलं, कसं वाटलं, तर ती जमिनीकडे बघायची. "बरं हाय," म्हणायची, आणि ते 'बरं' ऐकून आजाऱ्याची चौकशी केल्यासारखं वाटायचं.

मग सॅपलिंग लावलं. ते पहिल्याच दुपारी कोसळलं. दुसऱ्या दिवशी तीनदा. एकदा पडलं की यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा उभं करायला चांगला वेळ जायचा. असलं रडकं सॉफ्टवेअर मी दुसरं पाहिलं नव्हतं. आणि गावात आनंदीआनंद! म्हातारेकोतारे तंबूपाशी येऊन ताक द्यायला लागले. 'वापरकर्त्याचा आनंद' दहापैकी नऊ.

"असं कसं?" मी विचारलं.

सरांकडे सिद्धांत तयार होता. "ग्रामीण माणसाला यंत्राचा अपुरेपणा आपलासा वाटतो," ते म्हणाले आणि हे वाक्य त्यांनी लगेच टिपूनही घेतलं.

सॅपलिंग का पडतं ते तोरस्करनं शोधून काढलं, तेवढं त्याचं खरं कौतुक. कोणी फोन लावून समोरच्यानं उचलायच्या आत तोडला, की ते पडत होतं. म्हणजे मिस्ड कॉल! ते लिहिणारे लोक ज्या देशांतले होते तिथं माणूस बोलायचं असतं म्हणून फोन लावतो. वाजवून तोडणं, आणि त्यातून 'पोचलो', 'जेवायला ये', 'तू कर' असं सगळं सांगणं, हा प्रकार त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हता. त्यांनी त्याची सोयच केली नव्हती.

"पण सर," मी म्हटलं, "आपल्या नेटवर्कवर कॉल फुकट आहेत. मग हे लोक मिस्ड कॉल कशाला देतात? आणि इतके?"

"सवय, मिस ओगले. सवयीची गुलामगिरी." हेही टिपलं गेलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तोरस्करनं दुरुस्ती केली. मिस्ड कॉल आला तरी सॅपलिंग पडणार नाही अशी नवी प्रत त्यानं लॅपटॉपवर चढवली. जुनी प्रत शेजारीच ठेवली. मी दहावीस मिस्ड कॉल देऊन पाहिले. दिवा विझला नाही. तोरस्करनं इतक्या आशेनं माझ्याकडे पाहिलं, की मला 'शाब्बास' म्हणावंच लागलं.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी सुगंधा आली. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेला ड्रेस.

"आज बंद पडंल का ओ?"

"नाही," मी म्हटलं. इतक्या दिवसांचा सूड घ्यायची संधी होती. "आज काय वाट्टेल ते करा, नाही पडणार. दुरुस्त केलंय."

तिचा चेहरा उतरला. म्हणजे कुत्सित माणसाचा डाव फसल्यावर उतरतो तसा नाही. वाईट बातमी ऐकल्यावर उतरतो तसा. "खरंच?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेली.

सबनीससाहेब उजाडल्यावर बऱ्याच वेळानं आले. ते पैसे देणाऱ्या संस्थेचे अधिकारी, मोठ्या मंडळाकडे अहवाल नेणारे. गळ्यात हा एवढा थोरला कॅमेरा. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी एका शेळीचे फोटो काढले. मग नारळ फुटला, मग सरांचं भाषण सुरू झालं. शेवटचा माणूस त्यात तिसऱ्याच वाक्याला आला.

मी तंबूत पडद्यावर नजर ठेवून होते. एक मिस्ड कॉल दिसला. सुगंधाच्या निळ्या फोनवरून. मग दुसरा. मग धोंडीआबांच्या फोनवरून. धोंडीआबा गावचे कारभारी, ते त्या वेळी पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेले होते. मग अजून कुणाचा, मग आणखी कुणाचा. बघता बघता पडदा मिस्ड कॉलनी भरून गेला. मी बाहेर डोकावले. सगळा गाव हात जोडून भाषण ऐकतोय असं वाटत होतं. नीट पाहिलं तर हात पदराखाली, घोंगडीखाली, टोपीखाली. बोटं चालू होती, घंटी वाजायच्या आतच कॉल तोडत होती. आणि सगळ्यांची नजर, सरांकडे नाही, खांबावरच्या हिरव्या दिव्याकडे.

मी मागच्या बाजूनं दगडापाशी गेले. सुगंधाच्या एका हातात निळा फोन होता, दुसऱ्या हातात रबरबँडवाला.

"काय चाललंय तुमचं?"

तिनं खांबावरच्या दिव्याकडे बोट केलं. मग एकदम म्हणाली, "तुमचा दिवा लागला की आमची रेंज मरती, मॅडम. दगड मुका हुतो. पयल्या येळंला माझा फोन त्येच्यामुळंच लागला न्हाई. ह्ये दुसरं आलं, त्ये मिस कॉल दिला की पडतंय ह्ये आमच्या ध्यानात आलं. मग ज्येला फोन करायचा आसंल त्यो पाडायचा आन् करायचा."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"आबांनी सांगितलं की सरांना. पयल्याच आठवड्यात. सर म्हणले, ह्ये शास्त्रानुसार हुऊच शकत न्हाई."

मी तिच्या हातातला जुना फोन घेऊन बघितला. रेंजची एकही दांडी नाही. आणि मला ते कोडं उलगडलं, जे खरं तर दुसऱ्या वर्षाच्या पोराला उलगडायला हवं. आमच्या लहरी आवरणारा फिल्टर नाही, खांब शेजारी, आणि दरीपलीकडून येणारा सिग्नल बारीक. कानाशी ढोल बडवत असताना लांबच्या माणसाचं कुजबुजणं ऐकू येणार कसं? आम्ही रेंज द्यायला आलो होतो आणि होती तेवढी आम्हीच खाऊन बसलो होतो.

"फोन कधी येणारे?"

"जेवनाच्या सुट्टीआधी, म्हणले. आता ईल कवाबी."

भाषण आणि प्रात्यक्षिक यांच्यामध्ये चहा होता. मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "थोडा वेळ बंद ठेवू या. तिचा फोन येऊन जाऊ दे. प्रात्यक्षिक नंतर करू."

सर माझ्याकडे बघत राहिले. "एका मुलीच्या फोनसाठी?"

"तिची जागा जाईल, सर."

"मिस ओगले, आपण इथे ग्रामीण संपर्कव्यवस्थेचं भवितव्य ठरवायला आलो आहोत. एखाद्या व्यक्तीच्या फोनसाठी ते थांबवता येत नाही." मग आवाज खाली आणून, "आणि फिल्टरचा विषय सबनीसांपुढे अजिबात काढायचा नाही."

एवढं बोलून ते बिस्किट घ्यायला गेले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात उरलासुरला जो आदर होता तो त्या बिस्किटाबरोबर संपला.

मी तंबूत शिरले. तोरस्कर लॅपटॉपपाशी बसला होता. मी त्याला उठवलं, दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याची नवी प्रत बंद करून जुनी चालू केली. नुसतं नेटवर्क बंद करून ठेवलं असतं तर सरांनी धावत येऊन चालू करायला लावलं असतं. पडलेलं सॅपलिंग मात्र सगळ्यांच्या ओळखीचं होतं, त्याला कोणी काही विचारत नसे.

"अगं, माझी दुरुस्ती..." तोरस्कर पुटपुटला.

"फार छान आहे तुझी दुरुस्ती. उद्या पुन्हा लाव."

त्यानं बाहेर सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी चहाला गेलो होतो," तो म्हणाला, आणि खरोखरच चहाला गेला. त्याच्या परीनं तो शौर्याचा कळस होता.

दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. बाहेर सर सबनीसांच्या हातात निळा फोन देत होते. "आता आपण स्वतः या आबांना कॉल लावा, सर." मी भराभर चालत दगडापाशी गेले.

"दे मिस्ड कॉल," मी सुगंधाला म्हटलं.

"कितींदा दिला, मॅडम. न्हाई पडत आज."

"दे. आता पडंल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बटण दाबलं. धोंडीआबांच्या कनवटीला एकदा वाजलं. तिनं तोडलं.

दिवा विझला.

"नेटवर्क दिसत नाही यात," सबनीस फोन हलवत म्हणाले. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते "ओगले! तोरस्कर!" असं ओरडणार तेवढ्यात दगडावरून जोरात घंटी वाजली. रबरबँडवाला फोन.

"हॅलो? व्हय... व्हय, मीच बोलते. सुगंधा ढेबे." ती दगडावर ताडकन उभी राहिली. "व्हय सर. कागदं समदी तयार हाईत. उद्या? उद्या येते की! उद्या सकाळीच येते!" ती हसत होती, रडत होती, आणि दुसऱ्या हातातला निळा फोन तिनं छातीशी धरला होता. मागं बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मलाही भरून आलं. उगाच कशाला लपवा.

"बघा सर!" गजेंद्रगडकर ओरडले. "बघा, कॉल आला! जिवंत उदाहरण!"

मला वाटलं, हे नाटक करताहेत. पण नाही. त्यांना खरोखरच वाटलं की तो कॉल आमच्या नेटवर्कवर आला. प्रकल्प त्यांचा, परवानगी त्यांची. बाहेरचा फोन आमच्या नेटवर्कवर येऊच शकत नाही हे त्यांच्या सहीनं लिहून दिलेलं. तरीही वाटलं.

सबनीस तर दोन ढांगांत दगडापाशी पोचले होते. "सुंदर! तशीच हस, बाळ. किती नैसर्गिक भाव!" कॅमेरा कटाकट वाजत होता. मग धोंडीआबांकडे वळून त्यांनी विचारलं, "काय आबा, दोन्ही वापरलीत ना? कुठलं चांगलं?"

"ह्येच," आबा म्हणाले. "ह्ये आत्ता लावलंय त्येच. त्ये आदलं लई वंगाळ. कवा बंदच पडंना."

सबनीस खो खो हसले. "फार विनोदी माणसं असतात ही!" सरही हसले आणि त्यांनी तेही टिपून घेतलं.

सुगंधा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली. जाण्याआधी तंबूपाशी आली होती. तिनं काही विचारलं नाही, नुसतं ताक ठेवलं.

सॅपलिंगची निवड झाली. मी माझ्या भागात फिल्टरबद्दल, दगडाबद्दल आणि मिस्ड कॉल खरं तर कशासाठी दिले जात होते त्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं. छापील अहवालात ती पानं नव्हती. वाद घालायला गेले तर माझी मुदतवाढ पुढच्या टप्प्यात गेली. तोरस्कर पुढे त्याच विभागात प्रमुख झाला. वर्षभरात निधी आटला, खांब उतरवला गेला, निळे फोन पोरांची खेळणी झाले. दगड अजून आहे म्हणतात.

तो अहवाल मात्र माझ्याकडे आहे. चकचकीत कागद, आणि मुखपृष्ठावर सबनीसांनी काढलेला फोटो. त्याखाली ठळक अक्षरांत: 'खुल्या सॉफ्टवेअरवर आधारित प्रायोगिक नेटवर्कवरून बोलताना लाभार्थी तरुणी.' या फोटोला पुढे कुठलंसं पारितोषिक मिळालं. कितीतरी परिषदांमध्ये गजेंद्रगडकर तो पडद्यावर लावून भाषण करायचे. शेकडो तज्ज्ञांनी तो पाहिला असेल. सुगंधा हसतेय, रबरबँडवाला फोन कानाला आहे, आमचा निळा फोन छातीशी धरलेला आहे. मागं खांब अगदी स्पष्ट आलाय. त्याच्या टोकावरचा दिवा विझलेला आहे.